वखारीतली पद्मिनी: धूळ खात पडलेली जुनी गाडी शोधून पुन्हा चालती करायची असेल तर

बार्शीतल्या एका बंद वखारीच्या मागच्या पडवीत मला ती दिसली. अंगावर गोणपाटाचा ढीग, चारही चाकं जमिनीला टेकलेली, आणि मागच्या टोकदार कडेवर उभा बसवलेला लाल दिवा तेवढा ढिगातून बाहेर आलेला. त्या एका दिव्यावरून गाडी ओळखली. प्रीमिअर पद्मिनी, १९७६ची. या गोष्टीला तीन वर्षं झाली. या काळात मी जे शिकलो ते इथे मांडतो आहे, पण मी केलं त्या क्रमाने नाही, करायला हवं होतं त्या क्रमाने. हा क्रम असा: आधी माणूस, मग कागद, मग पत्रा, मग ब्रेक आणि सगळ्यात शेवटी इंजिन. आपल्यापैकी बहुतेकांचा हात पहिल्यांदा बॉनेटकडे जातो. माझाही गेला होता.

बेवारस गाडी नसते

रस्त्याकडेला दहा वर्षं उभी असली, काचा फुटल्या असल्या, आत मांजरीने पिलं घातली असली, तरी त्या गाडीचा मालक आरटीओच्या नोंदीत असतो. त्याच्या परवानगीशिवाय तिचं व्हीलकॅपसुद्धा काढून नेणं ही चोरीच, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येणारी. गाडी ज्या जागेत उभी आहे त्या जागेचा मालक वेगळा असेल तर त्याचीही परवानगी लागते. गाडी पाहण्यासाठी आत जायचं असलं तरी आधी विचारायचं.

सार्वजनिक रस्त्यावर सोडून दिलेली गाडी उचलण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार पोलिसांना आहे. शहरांमध्ये गाडीवर सूचना चिकटवतात, ठरलेल्या मुदतीत कोणी आलं नाही की उचलतात आणि पुढे लिलाव होतो. लिलावात घेतलेली गाडी फॉर्म ३२ भरून नावावर करता येते, पण असे बरेचसे लिलाव भंगार म्हणूनच होतात. म्हणून बोली लावण्याआधी अटी नीट वाचा. माटुंग्याच्या एका गल्लीत वडाखाली उभी असलेली एक फियाट अकराशे मी अशीच गमावली. फोटो काढले, चार लोकांना दाखवले आणि ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणालो. दिवाळीनंतर तिथे तेलाचा डाग उरला होता. गाडीवर सूचना दिसली तर त्याच दिवशी मालकाच्या शोधाला लागा.

कुठे आणि कोणाला विचारायचं

जुन्या गाड्या शोधायला महामार्गावर फिरून उपयोग नाही. त्या सापडतात बंद पडलेल्या जिनिंग मिलमध्ये, जुन्या दवाखान्याच्या आवारात, वाड्याच्या दिंडीत, साखर कारखान्याच्या वसाहतीत, बिल न भरल्यामुळे गॅरेजमध्येच राहून गेलेल्या गाड्यांमध्ये. एके काळी गावातल्या डॉक्टर, वकील, अडत्यांकडे फियाट असायची, म्हणून अशा घरांची चौकशी आधी करा. आणि विचारायचं ते गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मिस्त्रीला. कोणत्या घरात कोणती गाडी आली, कोणी कधी उभी केली आणि कशामुळे, हे त्याला तोंडपाठ असतं. मला बार्शीची वखार अशाच एका मिस्त्रीकाकांनी सांगितली. ‘डॉक्टरांची गाडी अजून तिथंच असंल बघा, क्लचप्लेट गेली म्हणून लावली होती,’ एवढंच ते बोलले. क्लचप्लेट गेली म्हणून उभी राहिलेली आणि इंजिन फुटलं म्हणून उभी राहिलेली, या दोन गाड्यांत जमीनअस्मानाचा फरक असतो.

हवामान विसरू नका. कोकण-गोव्यातली आणि मुंबईत समुद्राजवळ उभी राहिलेली गाडी वरून कितीही सुंदर दिसली तरी तळातून चाळण झालेली निघू शकते. सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगरच्या कोरड्या पट्ट्यात छताखाली राहिलेली गाडी रंग उडालेली असते, पण तिचा पत्रा ठोकला की ठणठण वाजतो, म्हणजे शाबूत असतो. मला विचाराल तर चकचकीत कोकणी गाडीपेक्षा मी विटकी सोलापुरी गाडी घेईन.

आपण नेमकं काय पाहतो आहोत

ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची. ही कंपनी वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभी केली. १९५४ च्या सुमारास फियाट अकराशे इथे यायला लागली, पुढे तिचीच एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट ही मॉडेलं, आणि १९६४ पासून अकराशे डिलाइट. या डिलाइटलाच १९७२ मध्ये प्रीमिअर प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये प्रीमिअर पद्मिनी हे नाव मिळालं. पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले दिसले, तर गाडी डिलाइटच्या आधीची समजा. तिचे बरेच सुटे भाग पद्मिनीला चालत नाहीत आणि शोधणं दुप्पट अवघड होतं. पद्मिनीचं पेट्रोल इंजिन १,०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, अगदी सरळ. ज्याला स्कूटर खोलता येते त्याला हे समजतं. शेवटच्या काही वर्षांत डिझेल पद्मिनीही निघाली, तिचं इंजिन संपूर्ण वेगळं. मुंबईच्या रस्त्यावर शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि वीस वर्षांची मर्यादा पूर्ण होऊन ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर थांबली. म्हणजे या गाडीचे पार्ट, आणि तिचं काम जाणणारे हात, अजून आपल्यात आहेत. दहा वर्षांनी असतीलच असं नाही.

मालकापर्यंत पोहोचणं

नंबरपाटी एमएच मालिकेतली असेल तर परिवहनच्या पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण कोणत्या आरटीओची गाडी, नोंदणी कधीची, विमा कधी संपला, कर्जाचा बोजा आहे का, हे बहुधा कळतं. १९८९ पूर्वीची तीन अक्षरी पाटी असेल, उदाहरणार्थ मुंबईची एमआर किंवा एमएमने सुरू होणारी, किंवा गोव्याची जीडीने सुरू होणारी, तर ऑनलाइन काहीच न सापडण्याची शक्यता मोठी. त्या नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये असतात. अशा वेळी संबंधित आरटीओत अर्ज करून नोंदीचा उतारा मागायचा. सगळे त्याला बी एक्स्ट्रॅक्ट म्हणतात. कारण लेखी द्यावं लागतं, मालकाची संमती जोडता आली तर काम हलकं होतं. जुनी नोंद संगणकात चढवून घेणं हे वेगळं काम आहे आणि त्याला आठवडे नाही, महिने जातात.

माणूस सापडला की फोनआधी पत्र लिहा. हे मी आग्रहाने सांगतो. जुनी गाडी सांभाळून ठेवणारी माणसं बहुधा वयस्कर असतात, आणि अनोळखी फोन आला की त्यांना फसवणूक वाटते. पत्रात आपण कोण, गाडी कुठे पाहिली, तिचं काय करायची इच्छा आहे एवढंच लिहा. किंमत लिहू नका.

माझ्या पद्मिनीचे डॉक्टर २००४ मध्ये गेले होते. त्यांच्या पत्नी पुण्यात लेकीकडे राहतात. मी त्यांना आजी म्हणतो. पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, ‘विकायची नाही रे बाबा. पण तिला असं बघवतही नाही.’ मी चहा पिऊन परत आलो. दुसऱ्या भेटीत गाडी धुवून, झाकून ठेवायची परवानगी मागितली आणि धुतल्यानंतरचे फोटो नेऊन दाखवले. तिसऱ्या भेटीत त्यांनी कपाटातून किल्ली काढली. तिला डॉक्टरांच्या दवाखान्याचा पितळी बिल्ला अजून होता. तो मी त्यांच्याकडेच ठेवायला सांगितला. व्यवहाराची गोष्ट त्यानंतर निघाली. घाई केली असती तर ती गाडी मला मिळाली नसती, आणि मिळायलाही नको होती.

कागद

इथे वेळ घाला, कारण कागद नसलेली गाडी कितीही देखणी झाली तरी अंगणातच राहते.

मूळ आरसी पुस्तक आहे का ते पहिल्यांदा पाहा. हरवलं असेल तर मालकाने पोलिसांत तक्रार नोंदवून फॉर्म २६ ने दुसरी प्रत काढायची. पुस्तकावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळवा. चेसिस नंबर इंजिनखोलीतल्या मागच्या पत्र्यावर पाहा. गंज असेल तर वायरब्रशने खरवडू नका. रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या. इंजिन बदललेलं असणं या गाड्यांत सर्रास आढळतं. पण त्याची नोंद पुस्तकात नसेल तर तो प्रश्न गाडी घेण्याआधी सोडवायचा, नंतर नाही.

मालक हयात असेल तर हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०. मालक गेलेला असेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१, त्यासोबत मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं आणि बाकीच्या वारसांची ना हरकत. आजींचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्याची सही केलेला, साक्षांकित कागद येण्यात पाच महिने गेले. आपल्याकडच्या अर्ध्या जुन्या गाड्यांचा एखादा वारस आज परदेशात असतो, तेव्हा हा वेळ धरूनच चला.

पुस्तकावर कर्जाचा शिक्का असेल तर फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्याचं पत्र लागतं. चाळीस वर्षांपूर्वीची बँक दुसरीत विलीन झालेली असेल तर आजच्या बँकेकडे जा. आणि गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून आणत असाल तर फॉर्म २८ची ना हरकत लागेल का ते आधीच विचारून घ्या.

आता खरी मेख. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ने नूतनीकरण. त्यासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते, म्हणजे ती चालती हवी. आणि मुदत संपलेल्या पुस्तकावर नाव बदलायला बहुतेक ठिकाणी अडवतात. म्हणजे गाडी चालू झाल्याशिवाय नाव बदलत नाही, आणि नाव बदलल्याशिवाय आपण दुसऱ्याच्या गाडीवर पैसे घालत राहतो. यातून मी असा मार्ग काढला: वारसाच्या नावावर गाडी करून घेण्याची प्रक्रिया सुरू केली, मुद्रांकावर नोटरी केलेला विक्री करार केला, ताबापावतीवर तारीख आणि वेळ घातली, आणि आरटीओतल्या अधिकाऱ्याला सगळी परिस्थिती सांगून पुढच्या पायऱ्या लिहून घेतल्या. नुसत्या सह्या केलेल्या कोऱ्या फॉर्मवर विसंबून वर्षं काढू नका. माणूस म्हातारा असतो, आणि त्याच्यानंतर त्या सह्यांना अर्थ उरत नाही.

खर्चाचा अंदाज धरताना नूतनीकरणाचं शुल्क विसरू नका. २०२२ मध्ये मोटारीसाठी ते ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या गाड्यांना १०,००० करण्यात आलं. त्यावर उशिराचा आकार, महाराष्ट्रातला पर्यावरण कर, थकलेली चलनं, विमा, पीयूसी आणि नवी उच्च सुरक्षा नंबरपाटी. मात्र नोंदणी रद्द होऊन गाडी मोडीत काढल्याची नोंद झालेली असेल तर तिथेच थांबा. ती गाडी फक्त पार्टसाठी.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झाला असेल आणि गाडी मूळ रूपात असेल तर २०२१ पासून दुसरी वाट खुली झाली आहे: विंटेज नोंदणी. पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५,०००. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी भजी खायला जायचं असेल तर साधं नूतनीकरणच बरं. मी तेच निवडलं.

पत्रा

पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याचा सांगाडा हीच चेसिस. म्हणून तळ सडला म्हणजे गाडीच सडली. सोबत बारीक चुंबक कापडात गुंडाळून न्या. जिथे चिकटत नाही तिथे आत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. मग गालिचा उचलून पायाखालचा पत्रा, दरवाजांची खालची कड, दरवाजाखालचा आडवा पट्टा, स्टेपनीची खोबण, पुढच्या दिव्यांमागचा भाग आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) जिथे बॉडीला बसतात ती जागा पाहा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. ठणठण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर पत्रा गेला. मालकासमोर टोक मात्र खुपसू नका.

पाट्यांची जागा आणि पुढच्या सस्पेन्शनची जागा कुजली असेल तर जीव कितीही गुंतला तरी गाडी सोडा. बाकी सगळं चांगला डेंटर करून देतो. पण डेंटर निवडताना एकच प्रश्न विचारा: सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडणार, की वरून तुकडा चिकटवून लांबी फिरवणार? माझ्या गाडीच्या एका दरवाजाला पहिल्या कारागिराने दुसरा प्रकार केला, आणि एका पावसाळ्यात फुगे आले. ते काम मी दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतलं, पैसे दोनदा गेले.

हलवताना

दोरी बांधून ओढायची नाही. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे ब्रेक ड्रमला चिकटलेले असतात, चाक फिरत नाही, आणि फिरलं तर थांबत नाही. सपाट पाट्याचा कॅरियर बोलवा. आधी प्रत्येक कोनातून फोटो काढा, सुटलेला प्रत्येक स्क्रू पिशवीत घालून चिठ्ठी लावा. सीटखाली हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. माझ्या गाडीत उंदराची घरटी होती, शेजारच्या पडवीत धामण निघाली.

ब्रेक आधी, इंजिन नंतर

गाडी घरी आली की किल्ली फिरवायचा मोह आवरा. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रम उतरवून सिलिंडर खोला, रबरी किट बदला, मास्टर सिलिंडर उघडा, रबरी नळ्या सगळ्या नव्या घाला, ब्रेक ऑइल ताजं भरा. लोखंडी नळीवर गंजाचा खड्डा दिसला तर तीही बदला.

मग इंधन. टाकी उतरवून जुनं पेट्रोल काढा. ते वार्निशासारखं घट्ट आणि आंबूस वासाचं झालेलं असतं. टाकी धुऊन आतला गंज काढा, पंपाचा पडदा बदला, कार्बोरेटर उघडून जेट साफ करा. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात लवकर खराब होतं. म्हणून इंधनाची प्रत्येक नळी आणि वायशर इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या. गाडी वापरात नसताना टाकीत महिनोन्महिने पेट्रोल ठेवू नका.

इंजिनाला पाणी आणि नवं ऑइल घालण्याआधी चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा आणि आठवडाभर थांबा. रोज थोडं घाला. मग गिअर न्यूट्रलला ठेवून हँडलने, हळूहळू, पुढे-मागे फिरवा. हात अडला की थांबा, पान्याला पाइप लावून जोर करू नका. पिस्टनची अडकलेली रिंग तुटली की बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, गेला. माझं इंजिन नवव्या दिवशी सुटलं. तो ‘चुक्क’ असा बारीक आवाज मी जन्मात विसरणार नाही. मोकळं झालं की जुनं ऑइल सोडा, फिल्टर बदला, पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) घासून गॅप लावा, वायरिंगला उंदीर लागलाय का पाहा. फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-३-४-२. प्लग न लावता सेल्फ मारून ऑइल वर चढू द्या, मग प्लग लावा. पहिल्यांदा चालू करताना अंगण मोकळं, अग्निशामक हाताशी, आणि बॅटरीची तार एका झटक्यात काढता येईल अशी.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चारही सिलिंडरचं जवळजवळ सारखं आलं तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडायची घाई करू नका. एकाचं फारच कमी आलं तर मात्र हेड उतरवावंच लागेल.

पार्ट

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, आणि टॅक्सीवाल्यांची जुनी गॅरेजं. टॅक्सी बंद झाल्यावर कित्येक मेस्त्रींकडे माळ्यावर क्लचप्लेटा आणि गास्केटं पडून आहेत. जाऊन बसा, बोला, जुना पार्ट हातात घेऊन जा. यंत्रकाम करायचं असेल तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोअर मारणारे, व्हॉल्व्ह सीट बसवणारे फार चांगले हात आहेत. काचेची बीडिंग आणि क्रोमची पट्टी सगळ्यात अवघड, म्हणून ती उतरवताना वाकू देऊ नका. टायर ५.२०-१४ मापाचे. जुन्या टायरला नक्षी दिसत असली तरी तो फेकाच.

माझं इंजिन सुरू झालं, पण तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आलं. हेड सध्या उद्यमनगरात आहे, गाडी पुण्यात चार लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे, फॉर्म ३१ मंजूर होऊन पुस्तकावर आजींचं नाव चढलं आहे. परवा आजींनी फोनवर विचारलं, मागच्या सीटचा रंग तोच ठेवणार ना, तपकिरी. जुन्या रेक्झिनचा तुकडा घेऊन या रविवारी रविवार पेठेत जायचं आहे.